तीस दिवस कोणी न पाहिलेला फोटो

जयराम गायधनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं मीटर सांभाळून निवृत्त झाले आणि जेल रोडच्या घरात जुने रेडिओ उघडून बसले. असला नाद एकट्याने होत नाही, त्याला आणखी चार वेडे लागतात. ते वेडे त्यांना इंटरनेटवरच्या एका मराठी फोरमवर भेटले. तिथे रेडिओ उघडला की आतल्या वायरिंगचा फोटो टाकायचा आणि मग सगळ्यांनी मिळून त्यावर वाद घालायचा, अशी रीत होती.

पण त्या फोरमची एक खोड होती. तिथे फोटो थेट चढायचाच नाही. तो दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर ठेवायचा आणि लिंक आणून इथे चिकटवायची. म्हणजे पाहुणा आपल्या घरी आणि त्याचं अंथरूण शेजाऱ्याकडे.

या अंथरुणापायी गायधनींनी महिनाभर डोकं आपटलं. पहिल्या साइटवर त्यांच्या रेडिओशेजारी पोट कमी करायच्या तेलाच्या जाहिराती नाचायच्या. दुसरी त्यांना नऊ चौकोनांतले सिग्नल ओळखायला लावायची. गायधनींनी नोकरीभर दुसरं काही केलं नव्हतं, तरी साइट त्यांना माणूस मानायला तयार नव्हती. तिसरी फोटो इतका बारीक करायची, की वायर कुठली आणि केस कुठला ते कळू नये. कंट्रोल रूमची सवय म्हणून त्यांनी या सगळ्याची नोंदवही ठेवली होती. तारीख, वेळ, फोटो कसला, शेरा. चौथ्या साइटपुढे शेरा होता, ‘बोगस’.

पाचवी साइट मे महिन्यात सापडली. पांढरं पान, मधे एक बटण. नाव विचारत नाही, पासवर्ड मागत नाही, जाहिरात नाही. प्रत्येक फोटोखाली किती जणांनी पाहिला आणि शेवटचा कधी पाहिला, तेवढं लिहिलेलं. पानाच्या तळाशी स्वच्छ मराठीत एकच नियम होता. तीस दिवस कोणीही न पाहिलेला फोटो काढून टाकला जाईल.

नियम वाजवी वाटला. गायधनींनी शेरा लिहिला, ‘उत्तम’.

जुलैच्या अखेरीस ते फोरमवरचे आपलेच जुने धागे, म्हणजे जुन्या चर्चा, चाळत बसले होते. एका धाग्यात फोटोच्या जागी करडा चौकोन होता. खाली त्यांनीच लिहिलेलं होतं, ‘लाकडी पेटी, स्टेशन लागलं की हिरवा डोळा पेटतोय, आता शोकेसमध्ये खिडकीकडच्या बाजूला विराजमान.’ त्याखाली अकरा जणांनी वाहवा केली होती.

गायधनींना असा कुठलाही रेडिओ आठवत नव्हता.

आधी वाटलं, कोणीतरी आपलं खातं उघडून आचरटपणा केलाय. त्यांनी नोंदवही काढली. दहा जून, सकाळी साडेनऊ, लाकडी पेटी, नौशादभाईंकडून. अक्षर त्यांचंच होतं. ते उठून शोकेसपाशी गेले. खिडकीकडच्या बाजूला धुळीत एक स्वच्छ चौकोन होता, वीतभर रुंद आणि हातभर लांब. त्यावर बोट फिरवलं तर बोटाला काहीच लागलं नाही.

“लंका, इथलं काही हलवलंस का?”

“त्या भंगाराला मी हात लावते का कधी?” त्यांची बायको आतूनच म्हणाली. “इथं काय होतं तरी?”

तेच तर सांगता येईना. चिडून त्यांनी मालेगावला नौशादला फोन लावला. नौशाद फोरमवरचा दोस्त, कापडाचे लूम चालवणारा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही असा.

“नौशादभाई, तुम्ही मला लाकडी पेटीचा रेडिओ दिला होता का?”

“मी? नाही बुवा.”

“धाग्यावर तुम्हीच लिहिलंय. अब्बा याच्यावर बातम्या ऐकायचे, जपून ठेवा.”

लूमच्या खडखडाटात नौशादने तो धागा उघडून पाहिला.

“गायधनीसाहेब, मस्करी नका करू. आमच्या घरी रेडिओ कधीच नव्हता. लूम बंद झाले की अब्बांना घरात सन्नाटा लागायचा.”

“मग हे लिहिलं कोणी?”

“नाव तर माझंच दिसतंय,” नौशाद हळू आवाजात म्हणाला. “तो धागा काढून टाका साहेब. मला बघवत नाही.”

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. गायधनींनी नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली. तर्काला न पटणारी गोष्ट दोन दिवस बाजूला ठेवली की तिचं कारण सापडतं, असा त्यांचा अनुभव होता.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, शेजारच्या नवसाबाई अळूवडीची ताटली घेऊन आल्या. लंकाबाई दारातच पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. नवसाबाई त्यांच्या अगदी अंगावरून आत आल्या, ताटली गायधनींच्या हातात दिली, नळाच्या पाण्यावरून पाच मिनिटं कुरकुरल्या आणि निघाल्या. जाताना म्हणाल्या, “एकटा माणूस तुम्ही, जेवणाचे हाल होतात. ताटली सावकाश द्या.”

गायधनी हसायला गेले, पण हसू आलं नाही.

“काय बाई हाय,” लंकाबाई तणतणल्या. “मी एवढी समोर बसलेय, माझ्याकडं ढुंकून बघितलं नाय. मी काय केलं तिचं?”

गायधनींनी ताटली ठेवली आणि पायरीकडे वळून पाहिलं. मग एकदम आठवलं. जुलैच्या सुरुवातीला नवा मोबाईल आला होता. त्याचे फोटो मोठे पडायचे, साइट घेते की नाही ते बघायचं होतं. फोरमवर चाचणीसाठी वेगळा विभाग आहे, तिथे हाताला लागेल तो फोटो टाकून बघतात. त्यांच्या हाताला त्या दिवशी लंका लागली होती, याच पायरीवर, मेथी निवडताना.

नोंदवही. चार जुलै, टेस्ट, लंका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आज दोन ऑगस्ट होता, म्हणजे एकोणतिसावा दिवस.

चाचणीचा फोटो कोण मुद्दाम बघायला जातं?

लिंक त्यांनी वहीत उतरवली नव्हती. फोरमवर ‘टेस्ट’ शब्द शोधायला घातला, तर उत्तर आलं, शोधायचा शब्द किमान पाच अक्षरी हवा. “अरे गाढवांनो!” गायधनी स्क्रीनवर ओरडले. मग एकेक पान उलटायला घेतलं. चाचणी विभागाची त्रेसष्ट पानं होती. कोणाचं मांजर, कोणाची स्कूटर, कोणाचा नुसताच अंगठा. अठराव्या पानाला लाईट गेली आणि वायफाय बसलं. मोबाईलचं नेट सुरू केलं, तर एक रेघ, तीही येऊन जाऊन. चौतीस वर्षं गावाला वीज पुरवली आणि आज स्वतःच्या घरात पंधरा मिनिटांची मिळेना. ते शिव्या देत गच्चीवर धावले.

गच्चीवर नेट आलं. लांब एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. हाताच्या घामाने स्क्रीन ऐकत नव्हती.

“लंका!” त्यांनी खाली हाक मारली.

उत्तर आलं नाही.

“लंका!”

विसावं पान. एकविसावं.

“अगं...” पुढे काय म्हणायचं ते त्यांना क्षणभर सुचलं नाही. दोन अक्षरी नाव होतं. बायकोचं नाव होतं.

सत्ताविसाव्या पानावर ते सापडलं. ‘टेस्ट. आमच्या सौ. हसू नये.’ त्यांनी लिंक दाबली. पांढऱ्या पानावर गोल चक्र फिरत राहिलं. फिरतच राहिलं. मग वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी, फोटो उतरला. पायरी, मेथीची जुडी, हिरवी साडी आणि सगळ्यात शेवटी चेहरा, कारण फोटो उलटा चढला होता.

खाली आकडा बदलला. पाहिलेले, दोन. शेवटचा, आत्ता.

“काय ओरडताय सारखं?” खालून लंकाबाईंचा आवाज आला. “केव्हाची ओ देतेय.”

गायधनी पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. हा फोटो आता रोज बघायचा. सकाळी चहाच्या आधी आणि झोपायच्या आधी. नौशादला लिंक पाठवायची, त्यालाही बघायला लावायचं. निदान हे आपल्या हातात आहे, एवढंच त्यांना वाटत होतं. त्यांना रडू आलं आणि स्वतःचाच रागही आला.

मोबाईल बंद करताना बोट लागून पान खाली सरकलं. त्याच्याच खाली त्यांची आणखी एक पोस्ट होती, तीन दिवस आधीची. एक जुलै. फोटोच्या जागी करडा चौकोन होता. खाली लिहिलेलं होतं, ‘टेस्ट. आमचे चिरंजीव चंदर, ड्युटीला निघताना. फोटो काढू देत नव्हते.’

गायधनींनी ते दोनदा वाचलं. त्यांना आणि लंकाला मूलबाळ नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, मग दोघांनी तो विषय सोडून दिला होता.

ते सावकाश खाली आले. लाईट आली होती. ओट्यापाशी लंकाबाई चपात्या लाटत होत्या, आणि डब्यात आधीच मोठी चवड झाली होती.

“एवढ्या कोणाला?” गायधनींनी विचारलं.

“तेच म्हणते मी,” त्या वैतागून म्हणाल्या. “दोघांचं पीठ मोजून घ्यायला जाते, तर हात थांबतच नाय. परवापासून रोज सहा उरत्यात.”