मशीन डुगडुगायचं थांबलं!

धाकट्या काकाचं हे नेहमीचंच! दूध तापायच्या आत उतरवायचं, बस थांबायच्या आत उडी मारायची आणि काम संपायच्या आत "झालं!" म्हणून मोकळं व्हायचं.

सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी त्याने टीव्हीखालची काळी पेटी उघडली. घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ तिच्यात साठवलेले. आत दोन हार्ड डिस्क, जुळ्या बहिणींसारख्या. एकीवर जे, तेच दुसरीवर! जागा संपली म्हणून काकाने मोठ्या डिस्क आणल्या होत्या. एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी घालायची, आणि राहिलेल्या जुनीवरून नवीत सगळं उतरेपर्यंत गप्प बसायचं. पण गप्प बसेल तर तो काका कसला!

"काका, दिवा अजून लुकलुकतोय, म्हणजे सगळं उतरलं नाही!" टिकली ओरडली. ती बारा वर्षांची, भावंडांची म्होरकी.

"आता तू मला शिकव! झालं!" काकाने दुसरी जुनीही उपटली आणि आपल्या गेमसाठी पुसूनसुद्धा टाकली.

टीव्हीवर एकही फोटो दिसेना. आजोबांचा नाचतानाचा एकुलता एक व्हिडिओसुद्धा गेला! तो बघायला आत्या संध्याकाळी खास येणार होती. आजी उठून आपल्या नेहमी डुगडुगणाऱ्या शिलाई मशीनकडे गेली. आजी टीव्ही सोडून उठते म्हणजे प्रकरण हाताबाहेर!

"पहिली काढलेली डिस्क कुठंय? तिच्यावर सगळं आहे!" टिकली म्हणाली.

काकाचं तोंड एवढंसं झालं. "कचऱ्याच्या खोक्यात..."

तेवढ्यात बाहेर कचरागाडीचा भोंगा वाजला! टिकली आणि तिची धाकटी भावंडं, ढब्बू आणि बारक्या, सुसाट पळाले. "गाडीवाले काका, थांबा!" खोकं उलटं केलं, तर नुसत्या वायरी आणि थर्माकोल!

मुलं पाय ओढत घरी आली. आजी शिलाई मशीनवर बसली होती. ढब्बू दारातच थबकला.

"आजी, मशीन आज डुगडुगत नाही!"

"कशाला डुगडुगेल? खोक्यात चांगला जड, चपटा ठोकळा होता. चिंधीत गुंडाळला आणि मशीनच्या पायाखाली सरकवला. या घरात चांगली वस्तू फेकत नाहीत!"

तिघंही मशीनखाली घुसले. डोक्याला डोकी आपटली. चिंधी सोडली, तर आत डिस्क!

टिकलीने ती पेटीत बसवली, शेजारी नवी घातली आणि समोर फतकल मारली. आजीने काकाच्या हातात शिवायला घेतलेली भलीमोठी चादर कोंबली. "दिवा थांबेपर्यंत हे टोक धरून बस. हाताला काम हवं तुझ्या!" चार तास तो हलला नाही.

संध्याकाळी आजोबा टीव्हीवर नाचले. आत्या हसता हसता रडली.

"शाबास रे पोरांनो! घरातली मोठी माणसं तुम्हीच," आजी म्हणाली. मग तिने काकाकडे मान वळवली.

"बघितलंस तुझ्या बाबांना? नाच काही येत नव्हता, पण शेवटच्या ठेक्यापर्यंत नाचले. तू पहिल्याच ठेक्याला खाली उतरतोस! ठोकळा तर गेला, मशीन उद्या पुन्हा डुगडुगणार. त्याच्या पायाखाली तूच बस. आणि झालं की नाही, ते मी सांगेन!"