दुसरी मंजुरी

सकाळी दहाला मी कॉम्प्युटर उघडतो. मोठ्या माणसांना अक्षरं शिकवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम आहे. ओपन सोर्स, म्हणजे त्याची आतली सगळी बांधणी कुणालाही पाहता येते आणि कुणीही त्यात बदल सुचवू शकतो. चोपन्नाव्या वर्षी मी त्याच्यावरच वाचायला शिकलो. त्यातली अक्षरं माझ्या धाकट्या बहिणीच्या आवाजात आहेत. आता नव्याने बदल पाठवणाऱ्यांना वाट दाखवायचं काम माझ्याकडे आहे.

नवे लोक बिचकतात. त्यांना सांगतो, आधी आपली वेगळी प्रत काढा, एका वेळी एकच बदल करा, आणि का केला ते खाली लिहा. आमच्यापैकी दोघांनी मंजूर म्हटलं की बदल मूळ प्रतीत जातो. कुणी नामंजूर केला तर रुसू नका. कारण सुधारा, पुन्हा पाठवा.

आलेली प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचतो. "भरली का शाळा?" धाकटी आतून ओरडते. ओरडू दे. कारखान्यात असताना एका कागदावर मी न वाचता अंगठा उठवला होता. सोबत्याचा हात प्रेसमध्ये गेला तो त्याच्याच चुकीने, असं त्यात होतं. त्याला एक पैसा मिळाला नाही. मला कळलं तेव्हा तो गाव सोडून गेला होता.

त्या सोमवारी एका नव्याचा बदल आला. नाव नाही, फोटो नाही. पण पहिल्याच खेपेला सगळं नियमाप्रमाणे. हातभार लावणाऱ्यांच्या यादीतून आमच्या चित्रकाराचं नाव काढलं होतं. कारण: 'काम पूर्ण झालं.' खाली अदबीने, 'मार्गदर्शनाबद्दल आभार, काका.'

एक मंजुरी आधीच लागलेली होती, आमच्या मुख्य प्रोग्रॅमरची. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. चित्रकारानेच नाव काढायला सांगितलं असेल, असं मला वाटलं. मी वाचलं, पण विचारलं नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी मंजूर केलं.

गुरुवारी चित्रकाराच्या मुलीने कळवलं, बाबा सोमवारी गेले. सव्वाअकराला, खुर्चीत बसल्या बसल्या. हातातला ब्रश ओलाच होता.

पुढच्या आठवड्यात आमच्या टायपिस्टबाईंचं नाव तसंच निघालं. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतो, दुसऱ्या दोघांनी मंजुरी दिली. घरी येऊन ते पाहिलं आणि चपलाही न काढता बाईंना फोन लावला. फोन सुनेने उचलला. बाई गेल्या, एवढंच ती म्हणाली.

मी मिस्त्रीला गाठलं.

"काका, योगायोग हो. वय झालेली माणसं ती."

"वय माझंही झालंय. मी मेलो का?"

"पण मी असलं काही मंजूर केलेलंच नाही. मला तर ते दिसतही नाही."

त्याने त्या नव्याचं खातं बंद केलं.

बुधवारी दहाला त्याच खात्यातून बदल आला. नाव धाकटीचं. कारण तेच. मिस्त्रीची मंजुरी लागलेली. दुसरी कुणीही देऊ शकलं असतं, म्हणून मी क्षणभरही थांबलो नाही.

नामंजूर. कारण लिहिलं: 'बाई हयात आहेत. शेजारच्या खोलीत आहेत.'

चहाचा घोट घेईपर्यंत सुधारून परत आला. 'शेजारच्या खोलीत नाहीत.'

मी हाक मारली. उठून पाहिलं. खोली रिकामी होती. बाल्कनीतून ओले कपडे झटकल्याचा आवाज आला.

परत येऊन लिहिलं, 'बाल्कनीत आहेत. नामंजूर.'

'बाल्कनीचा कठडा सैल आहे. मार्गदर्शनाबद्दल आभार, काका.'

गुडघे दुखतात हे मी विसरलो.

धाकटी ओणवी होऊन बाहेरच्या दोरीवरची चादर ओढत होती. मी तिचा दंड धरून तिला आत खेचलं.

"अरे दादा! हात उपटतोस का माझा?"

मी कठड्यावर तळवा टेकवला. कठडा वीतभर बाहेर गेला.

आम्ही दोघंही खाली पाहत राहिलो. चार मजले. तिच्या हातून सुटलेली चादर अजून खाली जात होती.

"मघाशी तर घट्ट होता," ती म्हणाली.

मी तिला आत बसवलं. बाल्कनीला कुलूप लावलं. किल्ली खिशात घातली आणि कॉम्प्युटरसमोर बसलो. एकेक अक्षर शोधून लिहिलं:

'कारण खरं आहे. तरीही नामंजूर.'

तेव्हापासून रोज दहाला तो येतो. कठडा नवा बसवला, तर जिन्यातला दिवा गेल्याचं त्याने कळवलं. दिवा बदलला, तर गॅसची नळी चिरल्याचं कळवलं. प्रत्येक वेळी खरं निघालं. मी नामंजूर करतो आणि दुरुस्तीला उठतो. दोनशे अकरा वेळा झालं. त्याला घाई नाही, तर मलाही नाही. मी तीस वर्षं प्रेसवर उभा होतो. उभं राहणं मला येतं.

"तुझं डोकं फिरलंय," धाकटी म्हणते. "पण घर मात्र ठाकठीक ठेवलंस हो." तिला मी काही सांगितलेलं नाही.

आज दहाला बदल आला नाही. प्रश्न आला, नवे लोक विचारतात तसाच.

'काका, तुम्ही झोपता तेव्हा कोण तपासतं?'

मी ठासून लिहिलं, 'मीच.'

मग नीट पाहिलं. प्रश्नाला मंजुरी लागत नसते. तरी त्याच्याखाली एक लागलेली होती, माझ्या नावाची.