उसवण

बस. वरचे दिवे मालवले तरी चालतील, टेबलावरचा तेवढा राहू दे. उद्यापासून तू पेशी हाताळणार, म्हणून आजच सांगते. घाबरवायला नाही.

कॅन्सरवर संशोधन करायला येणाऱ्या नव्या मुलामुलींचा हात तयार करणं, हे माझं वीस वर्षांचं काम. त्या वर्षी चौघं आली होती. त्यातली सगळ्यात लहान, तिला सगळे धाकटीच म्हणायचे. जराशी भित्री, पण हात इतका हलका की मी मनातल्या मनात तिच्यावर खूश होते.

तिला पहिलं काम दिलं ते साधंच. वरच्या वॉर्डात जाऊन सात नंबरच्या खाटेवरच्या बाईंची गाठ संशोधनासाठी वापरायच्या परवानगीच्या कागदावर सही आणायची. बाईंनी जन्मभर शिवणकाम केलेलं. सही करताना म्हणाल्या, "माझंच कापड आहे पोरी. जपून वापर."

"जपीन," धाकटी म्हणाली. असं काही कबूल करायचं नसतं, हे शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि गाठीचा तुकडा खाली आमच्याकडे आला. बाकी तिघांच्या बाटल्यांतल्या पेशी आठवड्याभरात मेल्या. धाकटीच्या मात्र बाटलीच्या तळाला चिकटून भराभर वाढल्या. एका दुपारी मी तिला त्या सूक्ष्मदर्शकाखाली कशा बघायच्या ते समजावत होते. वीसेक मिनिटं झाली असतील. फोन वाजला. वॉर्डातली सिस्टर होती.

"मॅडम, सात नंबरच्या बाई कुडकुडताहेत. ताप नाही. तीन पांघरुणं घातली. सारखं म्हणताहेत, त्या पोरीला सांगा, दार लावून घे."

मी वळून पाहिलं. पेशी ठेवायच्या उबदार कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं.

मी ते हसण्यावारी नेलं. धाकटी हसली नाही.

सोमवारी बाटली भरली. पेशी दाटल्या की त्यांना तळापासून सोडवून दोन बाटल्यांत वाटून द्याव्या लागतात, नाहीतर उपासमारीनं मरतात. धाकटीनं सोडवायचं औषध घातलं. एकेक पेशी आक्रसून गोल झाली, सुटली, तरंगायला लागली. तेवढ्यात जिन्यातून किंकाळी आली. धाकटी हातमोज्यांसकट वर धावली. परतली तेव्हा तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"त्या म्हणत होत्या... मला उसवू नका."

"दुखणं वाढलं की माणूस काहीही बोलतं गं," मी म्हटलं. माझं मलाच ते पटलं नाही.

बुधवारी बाई गेल्या. त्यांच्या भावानं खाली येऊन आमचे आभार मानले. धाकटीला त्याच्याकडे बघवेना.

शुक्रवारी दोन्ही बाटल्या पुन्हा दाटल्या होत्या. धाकटी त्यांच्यासमोर नुसती उभी.

"मॅडम, वाटल्या तर उसवणं. नाही वाटल्या तर उपाशी मारणं. मी काय करू?"

"शिकवलंय तसं कर," मी म्हटलं. इतक्या वर्षांचा अनुभव, आणि सुचलं ते एवढंच.

तिनं औषध घातलं. फोन वाजला. सिस्टर अगदी हळू बोलत होती.

"मॅडम... सात नंबरची घंटा वाजतेय. खाट रिकामी आहे. मी वायर काढून टाकली... तरी वाजतेय."

फोनमधून मलाही ती ऐकू येत होती. थांबत थांबत. कुणी दम खात बटण दाबावं तशी.

माझा हात ब्लीचकडे गेला. एकदा ओतलं की पेशींचा निकाल. धाकटीनं माझं मनगट घट्ट धरलं. "नको! मी जपीन म्हणाले होते."

मग एकच वाट उरली, गोठवून ठेवायची. पाच कुप्या भरल्या, प्रत्येकीवर बाईंचा नंबर घातला. पेशी एकदम गोठवता येत नाहीत, सावकाश थंड कराव्या लागतात, त्याला अख्खी रात्र जाते. अख्खी रात्र जिन्यातून ती घंटा ऐकू येत होती. दर तासाला थोडी मंद, दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं जास्त. पहाटे थांबली. आम्ही कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत सोडल्या.

"थांबली," धाकटी म्हणाली, "की गोठली?"

मी टाकीला कुलूप घातलं. आठवड्यानं ती काम सोडून आईकडे निघून गेली. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

गेल्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला. "दोन दिवस झाले, पोर घरात नाही. तुमच्याकडे आलीय का?" नव्हती. पहारेकऱ्यानं पाहिली नव्हती, कुणीच पाहिली नव्हती. का कोण जाणे, मी जाऊन टाकी उघडली. किल्ली फक्त माझ्याकडे असते.

पाचाच्या जागी सहा कुप्या होत्या.

सहावीवर बाईंचा नंबर नव्हता. धाकटीच्या अक्षरात नुसती तारीख होती, दोन दिवसांपूर्वीची.

तिच्या आईला अजून काही कळवलेलं नाही. काय कळवू? आत काय आहे ते बघायचं तर कुपी वितळवावी लागेल, आणि एकदा वितळवली की... नाही, माझ्याच्यानं होत नाही. रोज सकाळी टाकी उघडते, कुप्यांची चौकट वर उचलते आणि परत ठेवते. बाहेरची हवा लागली की गारठलेल्या बाकीच्या पाचांवर क्षणात पांढरं दंव धरतं.

सहावीवर धरत नाही.