सात नंबरच्या खुंटीपाशी

यातलं अर्धं मी शाळेत सांगितलं, तेव्हा मैत्रिणी हसल्या. हसा! मला खोटंच बोलायचं असतं तर जरा भारी बोलले असते. पांढरी साडी, उलटे पाय वगैरे. यात तसलं काहीच नाही. रात्रसुद्धा नाही.

मागच्या मे महिन्यातला बुधवार. दुपारचे तीन. पनवेलच्या खाडीकाठचा कोळीवाडा.

मी रुचिरा, आता दहावीत. बाबा सर्व्हेचं काम करतात आणि त्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली होते. खरंच होते! दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि मोठ्याने ओरडायचा, हे काम माझं. समोर बाबांचे मदतनीस कमळाकरकाका आकडे लिहिलेली चार मीटरची पट्टी धरून उभे राहायचे. तिला स्टाफ म्हणतात. त्या आकड्यांवरून जमिनीचा उतार कळतो. उतार नसेल तर सांडपाणी जागचं हलत नाही.

कोळीवाड्यातून गटाराची नवी लाइन न्यायची होती. वाटा दोनच. एक पुढच्या गल्लीतून, म्हणजे अकरा घरांचे ओटे फुटणार. दुसरी घरांच्या मागून, खाडीलगत. नकाशात तिथे लिहिलं होतं... मोकळी जागा.

सगळी गल्ली म्हणाली, मागून न्या.

त्या अकरा घरांतल्या एकट्या दमयंतीआजी म्हणाल्या, "माझा ओटा फोडा. पायऱ्या फोडा. पन मागून नको."

"का आजी?" बाबांनी विचारलं.



शेजारचा शैलेशदादा हसला. "साहेब, मागं तिची सुकट वाळते ना! म्हणून."

"सुकट तुज्या तोंडात कोंबीन, मेल्या!"

सगळे खो खो हसले. मीसुद्धा.

आराखडा दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. बाबांनी मागची बाजू मोजायला घेतली.

ओहोटी होती. चिखलात निवट्या, त्या बोटभर मासळ्या, उड्या मारत होत्या, टपटप, टपटप. काका जमिनीत ठोकलेल्या खुंटीवर स्टाफ टेकवायचे. बुडाचं लोखंड वाजायचं. टक. मी आकडा ओरडायचे. पुढची खुंटी. टक.

सहाव्या खुंटीपर्यंत सगळं नीट.

सातव्या खुंटीला... टक आलाच नाही.

मग लक्षात आलं, निवट्याही गप्प झाल्यात.

मी दुर्बिणीला डोळा लावला.

स्टाफ हलत नव्हता.

यात काय विशेष, असं वाटेल तुम्हाला. पण माणसाच्या हातात एवढी उंच पट्टी थोडी तरी डुलतेच. काका पंचवीस वर्षं स्टाफ धरतायत, त्यांच्याही हातात डुलते. आता ती भिंतीत चिणल्यासारखी उभी होती.

"साहेब, उचलत नाय ओ," काका म्हणाले.

"रुतला असेल. हलवून काढा."

"रुतला नाय. कोनीतरी धरलाय."

मी दुर्बीण जराशी खाली केली.

स्टाफच्या बुडाशी... बोटं होती.

पाच. एवढीएवढीशी. तान्ह्या बाळाला आपण बोट दिलं की ते मूठ आवळतं ना, तशी.

डोळा बाजूला घेतला. नुसती माती.

परत लावला. मूठ.

मी झुरळाला किंचाळणारी मुलगी आहे. पण आत काहीच हललं नाही. दात काढताना भूल देतात, तसं. दिसतंय, कळतंय, दुखत नाही. सवयीने मी आकडा ओरडले, "एक पॉइंट चार आठ पाच!"

मग म्हणाले, "बाबा, खाली हात आहे."

बाबांनी दुर्बिणीतून पाहिलं. त्यांना मातीच दिसली.

तेवढ्यात दमयंतीआजी मागच्या दारातून आल्या. काकांशेजारी खाली बसल्या आणि बाळाला झोपवताना थोपटतात तशी जमीन थोपटायला लागल्या.

"सोड रं बाला. काम करतात ते. सोड."

स्टाफ सुटला. काका धप्पकन मागे बसले.

आजी उठल्या नाहीत. तिथूनच बोलल्या.

"दात न आलेल्या पोराला जालत नाय, पुरतात. बाप्ये न्यायचे, ओहोटीला. वर दगड ठेवायचा नाय. नंतर नाव काडायचं नाय. आन आईला जागा सांगायची नाय, ती उकरायला जाईल म्हनून."

"तुमचं... कोण आहे इथे?" बाबांनी हळूच विचारलं.

"पयला. सात महिन्यांचा. मला तरी कोन सांगतो जागा? मागच्या दारानं नेला, तेवडं दिसलं."

शैलेशदादा कुंपणापाशी उभा होता. हसत नव्हता. त्याच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नाव काढायचं नाही ना.

बाबांनी नकाशावरचं 'मोकळी जागा' खोडलं. मग म्हणाले, "लाइन पुढून नेतो."

"पयला माझा ओटा फोडा," आजी म्हणाल्या.

इथपर्यंतचंच मी शाळेत सांगितलं होतं.

साडेपाचला आम्ही पुढची गल्ली मोजायला घेतली. काकांनी स्टाफला हात लावला नाही. बाबांनी स्वतः धरला. टक. टक. उन्हं उतरली होती, कुणीतरी बोंबील तळत होतं, आजी आपल्या ओट्याच्या खालच्या पायरीवर पाय सोडून बसल्या होत्या. रोज बसतात तशा.

बाबांनी त्या पायरीपाशी स्टाफ टेकवला.

टक आला नाही.

दुर्बीण खाली करायला नको होती मी.

या वेळी त्याने स्टाफ धरला नव्हता.

त्याने आजींच्या पायाचा अंगठा धरला होता.

घट्ट.

"रुचिरा, आकडा?" बाबांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. तेवढाच सांगितला. आजी ओट्यावरून हात फिरवत होत्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळं हसत होत्या. "जाऊ दे, दगडच हायत," म्हणत होत्या.

आराखडा मंजूर झाला. दिवाळीनंतर खोदकाम आहे.

काल आजींच्या सुनेचा, विनिताकाकींचा, फोन आला. "अगं, सासूबाईंनी ओटा कधीचा रिकामा करून ठेवलाय. पण संध्याकाळी तिथे बसल्या की उठतच नाहीत. म्हणतात, पाय जड होतो. ते जाऊ दे, बाबांना विचार ना, फोडायला नक्की कधी येणार?"

"विचारते," मी म्हणाले.

बाबा बाहेरच्या खोलीतच बसलेत. अजून विचारलेलं नाही.