कोपराचं माप

अठरा दिवसांनी घरी आले, बॅग दारातच टेकवली आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेले, तर नळ जागेवर नव्हता.

धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिच्याकडे राहायला गेले होते. तेवढ्यात नवऱ्यानं माझं स्वयंपाकघर मुळापासून उपटून तिथे नवं बसवलं होतं. तो माझ्या मागे उभा होता, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. सोळा वर्षांची मुलगी चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती.

"आवडलं?" त्यानं विचारलं.

"कुणाला विचारून केलंत?"

मुलगी आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी बोलायला लागले की ती हेच करते.

जुनं स्वयंपाकघर काही देखणं नव्हतं. पण त्यातलं काय आवडतं आणि काय नाही, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. ओटा उंच होता, ब्याण्णव सेंटिमीटर. माझ्यासारख्या बाईला, जिला सासरची माणसं लग्नापासून 'शिडी' म्हणतात, त्यावर फारसं वाकावं लागायचं नाही. सुऱ्या उजव्या हाताच्या खणात. सिंकवर खिडकी. नावडायचं ते इतकंच, की दिवा पाठीमागे असल्यामुळे चिरताना माझीच सावली हातावर पडायची. शिवाय एक खण अडकायचा, त्याला गुडघ्यानं धक्का द्यावा लागायचा. वीस वर्षं मी तो धक्का दिला आणि वीस वर्षं कुरकुर केली, पण ती कुरकुर माझी होती.

नव्यात दिवा नेमका होता आणि खण बोटानं सरकत होते. पण ओटा माझ्या कमरेच्या खाली गेला होता. सुऱ्या डावीकडे, कचऱ्याचा डबा उजवीकडे, मिठाच्या बरण्या आणि तेलाच्या बाटल्या अशा उंचीवर की मला मान झुकवून बघावं लागत होतं. सगळं काम अगदी मन लावून केलेलं होतं. फक्त माझ्यासाठी केलेलं नव्हतं.

मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले तराजू आणि मापं तपासते, खोटं सापडलं की दुकानदाराला फैलावर घेते. अंदाजानं बोलायची मला सवय नाही. पिशवीतून पोलादी टेप काढली आणि ओटा मोजला. एक्क्याऐंशी.

"अगं, मिस्त्री म्हणाला, बाईंनीच माप दिलं," नवरा म्हणाला. "मला वाटलं, मधे एखाद्या दिवशी येऊन गेली असशील."

"अहो, मी येऊन गेले असते तर तुम्हाला कळलं नसतं?"

तो विचारात पडला. त्याचं ते विचारात पडणं मला ओट्यापेक्षा जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावून घेतलं. पन्नाशीचा माणूस, कानामागे पेन्सिल, बोलताना नजर जमिनीवर. त्याची काम करायची एक पद्धत होती आणि तिचा त्याला अभिमान होता. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तो अनवाणी उभं करायचा, हात कोपरात दुमडायला सांगायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचा. त्यातून दहा वजा केले की ओट्याची उंची. मग दोनच प्रश्न विचारायचा: काय आवडतं, काय आवडत नाही. उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यायची.

"कोपर एक्क्याण्णव," त्यानं वहीतून वाचलं. "बरोबर आहे की, ताई."

मी चपला काढल्या, हात दुमडला आणि टेप त्याच्या हातात दिली. त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. एकशे पाच.

"त्या बाई दिसायला कशा होत्या?" मी विचारलं.

"मी कोपर बघतो, ताई. लोकांच्या घरात शिरून काम करायचं म्हणजे नजर खाली ठेवावी लागते. तीस वर्षांत मी कुणाच्या तोंडाकडे बघितलेलं नाही." तो थोडा घुटमळला. "दार तुमच्या मुलीनं उघडलं होतं. बाई आत ओट्यापाशीच उभ्या होत्या. मला वाटलं, तुम्हीच."

त्याच्या हातातून वही ओढून घेतली. आवडतं या शब्दाखाली त्यानं लिहिलं होतं: खिडकी. सकाळी सगळे गेल्यावरची शांतता. नाही आवडत याच्याखाली: ओटा उंच. सुऱ्या उजवीकडे ठेवतात. भांडी आपटतात.

आमच्या घरात भांडी कोण आपटतं, हे खालच्या मजल्यावरच्यांनाही ठाऊक आहे.

तळपायाची आग मस्तकात गेली. मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं, पण मला फक्त राग आला. माझ्याच घरात उभं राहून कुणीतरी माझी चहाडी केली होती, ती एका परक्या माणसानं सुबक अक्षरात उतरवून घेतली होती, आणि तिच्यावर विसंबून माझा ओटा कापला होता.

मुलीला विचारलं. "मिस्त्री आले तेव्हा आत कोण होतं?"

"मला काय माहीत? मी दार उघडलं आणि खोलीत गेले." ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "आवाज येत होता कामाचा. मला वाटलं, तू आलीस. इतक्या हळू कशी काय, एवढंच वाटलं."

ओटा बदलायला मिस्त्रीला तीन आठवडे सवड नव्हती. तोपर्यंत मी त्या ओट्यावर वाकून स्वयंपाक केला. कंबर धरायची. मग मी आणखी चिडायची, मग भांडी आणखी वाजायची. निदान सुऱ्या तरी उजव्या खणात आणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या डावीकडे होत्या. पुन्हा आणल्या, पुन्हा गेल्या. मी मुलीवर खेकसले, नवऱ्यावर खेकसले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

तेव्हा मी माझ्या पद्धतीनं गेले. तपासलेल्या तराजूला आम्ही तार ओवून शिशाचं सील लावतो, कुणी उघडलं तर ते तुटतंच. कचेरीतून एक सील आणलं आणि सकाळी निघताना सुऱ्यांसकट उजवा खण बंद केला, त्याच्या आणि खालच्या खणाच्या मुठींतून तार ओवली आणि पकडीनं शिसं दाबलं. संध्याकाळी सहाला आले. सील जसंच्या तसं होतं, शिशावर उमटलेला माझा खात्यातला अंकही शाबूत. तार तोडून खण उघडला. रिकामा. सुऱ्या डाव्या खणात होत्या, पात्याची धार आतल्या बाजूला करून नीट ओळीनं ठेवलेल्या. सगळ्यात लहान सुरी ओली होती.

त्या सीलच्या भरवशावर मी लोकांची दुकानं बंद केली आहेत. मी ते मुठीत धरून बराच वेळ उभी राहिले.

मग जेवणाचं सुरू झालं. मुलगी दुपारी बाराच्या सुमाराला कॉलेजातून येते आणि मी सकाळी झाकून ठेवलेलं थंड जेवते. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आजचं सूप मस्त होतं."

मी सूप केलं नव्हतं.

"गरम होतं ना," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मधल्या सुट्टीत येऊन करून गेलीस."

"हल्ली तुझ्या हाताला चव आलीये," नवऱ्यानं री ओढली. "आणि आवाजही नसतो, हे फार छान."

वीस वर्षं तापात, पाळीत, बाळंतपणानंतर, रुसव्यात मी या माणसांना रांधून घातलं. एकदाही कुणी 'मस्त' म्हणालं नाही. खरं सांगायचं तर मी त्या क्षणी घाबरायला हवं होतं, पण मला मत्सर वाटला. जिला मी पाहिलंही नव्हतं, तिचा.

ओटा गुरुवारी तोडायचा ठरला. मी रजा टाकली. पण नेमक्या त्याच सकाळी एका धान्याच्या दुकानाची तक्रार आली आणि साहेबांनी मलाच पाठवलं. मिस्त्रीला फोन करून सांगितलं, "अकराला या, आज कॉलेजला सुट्टी आहे, मुलगी दार उघडेल. मी पोचतेच. ओटा, खण, सगळं काढून टाका."

बारा वाजता मी दुकानात तराजूसमोर उभी होते. नवऱ्याचा फोन आला.

"मिस्त्रीला परत पाठवलंस ना? बरं केलंस," तो म्हणाला.

"मी कुणालाही परत पाठवलेलं नाही."

"अगं, आत्ताच तर घरच्या फोनवर बोललो आपण. राहू दे म्हणालीस, सवय झालीये म्हणालीस." त्याचा आवाज हळवा झाला. "किती दिवसांनी अशी बोललीस. मी मुद्दाम पुन्हा फोन केला तुला, तेवढं सांगायला."

"मी दुकानात आहे. सकाळपासून."

"हो का? म्हणजे परत बाहेर पडलीस?"

वीस वर्षं एका छताखाली राहिलेला हा माणूस. मी फोन बंद केला, वजनं पेटीत तशीच टाकली आणि रिक्षा पकडली.

मिस्त्री आमच्या जिन्यावरच भेटला. हत्यारं आवरून, पिशवी खांद्यावर टाकून खाली उतरत होता. मला बघून थबकला. आधी त्यानं माझ्या कोपराकडे बघितलं. मग, बहुतेक तीस वर्षांत पहिल्यांदाच, तोंडाकडे.

"काम का नाही केलंत?" मी विचारलं.

"बाई नको म्हणाल्या." त्याचा आवाज खोल गेला होता. "मी नेहमीसारखं विचारलं. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं."

त्यानं वही उघडून धरली. पान आजचं होतं. आवडतं: ओटा. दुपारी मुलगी जवळ येऊन बसते.

नाही आवडत: संध्याकाळी सहाला दुसरी बाई येते.

मी वाचून होईपर्यंत तो खाली उतरून गेला होता. वही माझ्याच हातात राहिली.

मी वर गेले. दोन मजले. राग चढत होता आणि मला तो हवाच होता, कारण त्याच्याशिवाय मी पुढची पायरी चढले नसते.

दारापाशी थांबले. आतून मुलीचा आवाज येत होता. ती हसत होती. माझ्याशी बोलताना ती आठवीनंतर हसलेली मला आठवत नाही.

तिची कुणा मैत्रिणीशी झालेली भांडाभांडी ती सांगत होती. मधेच थांबायची. मग उत्तर ऐकल्यासारखं "हो ना," म्हणायची. पुढे सांगायची.

उत्तर मला ऐकू येत नव्हतं. फक्त नळाचं पाणी, आणि चिरायच्या लाकडी फळीवर सुरीचा ठेका. संथ, सारखा.

मी किल्ली फिरवली. कुलूप उघडलं. दार हललं नाही.

आतून कडी होती. भरदुपारी आमच्याकडे कुणी कडी लावत नाही.

मी दारावर हात मारला. मोठ्यानं, माझ्या नेहमीच्या पद्धतीनं.

सुरी थांबली. मुलीची पावलं दारापर्यंत आली.

"कोण आहे?"

"मी आहे. दार उघड."

आमच्या दोघींच्या मधे लाकडाची एक फळी होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"अगं, मी आहे. आई." मी आवाज खाली आणला. इतका खाली मी कधीच आणला नव्हता. "उघड ना, बाळा."

पावलं मागे गेली. स्वयंपाकघरापाशी थांबली.

"आई," तिनं आत विचारलं, "उघडू का गं?"

नळ बंद झाला. मी कान दाराला लावला. उत्तर काय आलं ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं सुरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.