मनगटावरचे दात

पहिला तडाखा पाठीवर बसला, आणि इंदूबाईनं सवयीनं आपलं डावं मनगट दातांत धरलं... काठीचा आवाज ऐकू गेला तरी सात वर्षांच्या जयाच्या कानी आईचा हंबरडा पडू नये, एवढीच तिची धडपड. बोरी अरब गावाबाहेरच्या त्या वस्तीत बाया तिला सोशीक म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्या शब्दाचा तिला अभिमानच होता.

तिचा नवरा देवराव मूळचा दुष्ट नव्हता. मागल्या साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि ते गावाच्या डोळ्यांत खुपलं. गावात गिळलेला अपमान देवराव घरी येऊन बायकोच्या पाठीवर ओकायचा. दुसरा तडाखा खांद्यावर, तिसरा कानाशी... रक्ताची धार गळ्यावरून चोळीत उतरली.

तेवढ्यात तिला कणगीआड जया दिसली. पोर स्वतःचं मनगट कराकरा चावत होती. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"जये, सोड तो हात!"

"मी रडली नाही, माय," जया कौतुकाच्या आशेनं म्हणाली. "तुह्यासारखी."

इंदूबाईचं काळीज फाटलं. लेकीसाठी म्हणून जे सोसलं, तेच विष तिनं लेकीला पाजलं होतं... काठी पुन्हा उगारली गेली, आणि आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती जीव खाऊन ओरडली, "धावा वं बायाहो, मारून राह्यले मले!"

वस्ती दारात लोटली. शेजारच्या म्हाताऱ्या डोमाजीनं देवरावच्या हातातली काठी हिसकली.

इंदूबाईनं आपलं आणि जयाचं मनगट नवऱ्यापुढं धरलं. "पाहा. तुमी मारता, मी चावते. ही पोर दोन्ही पाहून राह्यली. यातलं काय शिकावं तिनं? पुन्हा हात उचलला तं मी अशीच ओरडीन."

देवराव मटकन खाली बसला. "मेला बैल ओढाले नाही म्हटलं," तो कसाबसा म्हणाला, "तं चौघांनी जोड्यानं मारलं मले... भर बजारात." आणि तो दांडगा माणूस ढसढसा रडू लागला.

जया घाबरली. "माय, बाबाले काय झालं?"

"रडून राह्यले. रडू दे." इंदूबाईनं तिच्या जखमेवर हळद दाबली. "दुखलं का असंच रडाचं, कोणाले तरी सांगाचं. मारणं नाही, चावणं नाही. रडल्यानं कोणाले लागत नाही, पोरी."

हळद झोंबली तशी जया तोंड उघडून मोठ्यानं रडली. आईनं तिला गप्प केलं नाही.