सांडलेलं मीठ

आधीच सांगतो, असल्या भाकड गोष्टी मी मानत नाही. मी प्रबोध. सिंगापुरात सेंगकांगला राहतो, तुआसच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहितो. गेल्या वर्षी माझी कातडी सोलवटायला लागली. आधी कोपरं, मग गुडघे, मग पाठ. मीटिंगमधून उठलो की खुर्चीवर पांढरा भुगा! मलमं झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मृत समुद्रावर दोन आठवडे राहून या. काहींना गुण येतो."

"जा बाबा," माझी बायको अनघा म्हणाली. "तेवढंच वाळवंटही बघून होईल."

हेमचंद्रचं, कारखान्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याचं, सांगायला हवं. मी इथे नवा आलो तेव्हा सहा महिने बुकित बातोकला त्याच्याच घरी जेवलो. पुढे माझ्या चुकीने कारखान्याची अख्खी लाइन बंद पडली आणि मी त्याचं नाव सांगितलं. सांगितलं, झालं! त्याची नोकरी गेली, कामाचा पास रद्द झाला, म्हणजे देश सोडणं आलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो आमच्या घरी आला. "एकदा खरं सांग रे," एवढंच म्हणत राहिला. मी चिडून टेबलावर हात आपटला, तशी मिठाची बरणी खाली पडून फुटली.

तो फरशीकडे बघत राहिला. "माझ्या मिठाला जागला नाहीसच. आता हे वेच. पापण्यांनी."

लहानपणी आपल्याकडे भीती घालतात ना, सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, तेच. पुण्याला परतल्यावर वर्षभरात तो गेला. मी त्याच्या घरी फोनसुद्धा केला नाही.

मृत समुद्र नावालाच समुद्र. वाळवंटातलं खारं तळंच ते. पाणी कोमट, तेलकट. माणूस बुडत नाही, ओंडक्यासारखा तरंगतो. काठावर मिठाचे थर, दुपारी डोळे दिपतात. तिसऱ्या दिवशी त्या मिठात कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलं दिसलं. चौकड्यांचा शर्ट, हेमचंद्र घालायचा तसला. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टेबलाशी, कुणाची वाट बघत बसावं तसं. खुर्ची रोज थोडी पुढे यायची. शेवटच्या दिवशी मी तरंगत होतो तेव्हा ती पाण्याला लागून होती.

"कोण आहे?" मी ओरडलो. मराठीत का, देव जाणे.

त्याने पायाजवळची जमीन हाताने थोपटली.

मी दचकून उलटलो. पाणी डोळ्यांत गेलं. आई गं, काय ती आग! हॉटेलच्या माणसाने मला बाहेर ओढून डोळे धुतले. खुर्चीचं विचारलं तर म्हणाला, तिथे आम्ही खुर्च्या ठेवत नाही.

कातडी मात्र लख्ख झाली. घे हेमचंद्र, मी मनात म्हटलं, काय वाकडं केलंस माझं?

गेले आठ दिवस, घरून काम करताना, दुपारचा तासभर मला आठवत नाही. भानावर येतो तेव्हा जेवणाच्या टेबलाखाली असतो. गाल फरशीला टेकलेला. डोळे चुरचुरत असतात.

अनघाला सांगितलेलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. ते जमायचं नाही.

आज आरशात पाहिलं. डाव्या पापणीला एक केस उरलेला नाही.

इरा, माझी सहा वर्षांची लेक, शाळेतून आली तेव्हा मी खालीच होतो. हेमचंद्र गेला तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"पपा," ती टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "अंकल सेज स्टिल गॉट सम, ला."

अजून थोडं उरलंय, म्हणे.

तिने दप्तर ठेवलं आणि माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून गाल फरशीला टेकवला. तिच्या पापण्या लांब आहेत, आईसारख्या.